वार, फेनुआ आणि फॉर्मवरचा एक चौकोन

निशिगंध

मंडळी, हा विषय बरेच दिवस मनात आहे. मोठं होईल, पण एकदा सगळं लिहूनच काढते.

मी मूळची साताऱ्याची. गेली अठरा वर्षं न्यूझीलंडमध्ये ऑपरेशन थिएटरची नर्स आहे. बाहेरच्या देशातून आलेल्या नर्सना तेव्हा नोंदणीआधी काही आठवड्यांचा एक कोर्स करावा लागायचा. औषधांची गणितं, इथले कायदे आणि त्यांच्या जोडीला इंग्रज आणि माओरी सरदारांमधला १८४०चा वाइतांगीचा करार. माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, शब्दांची यादीही दिली होती. फानाउ म्हणजे कुटुंब, फेनुआ म्हणजे जमीन. मी परीक्षेपुरतं पाठ केलं.

पहिल्याच वर्षातली गोष्ट. रात्रपाळी, तातडीचं सिझर. बाळ रडलं, वार बाहेर आली, ती पूर्ण आहे ना हे बघून झालं आणि मी ती पिवळ्या पिशवीत टाकून गाठ मारली. ससूनपासून सवयच ती. थोड्या वेळानं मिडवाइफ आत आली आणि म्हणाली, "फेनुआ कुठंय?" जमीन कुठंय, असं ही मला का विचारतेय हेच कळेना. तिनं फॉर्म पुढं केला. त्यावर एक चौकोन होता, त्यात बरोबरची खूण होती, आणि मी ते पानच उलटून बघितलं नव्हतं. माओरी भाषेत फेनुआ म्हणजे जमीन, आणि वारसुद्धा फेनुआच.

पिशवी अजून खोलीतच होती म्हणून निभावलं. दोघींनी ती उघडली, वार काढली, स्वच्छ भांड्यात ठेवली. बाहेर बाळाची आजी बसली होती. हरकेकेच्या पातीची विणलेली टोपली तिच्या मांडीवर होती, घट्ट धरलेली. मी दोन्ही हातांनी भांडं दिलं आणि जे घडलं ते सांगून माफी मागितली. ती रागावली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि विचारलं, "तुझी कुठं पुरलीय?"

मला सांगता येईना. घरी आल्यावर आईला फोन केला. ती म्हणाली, "न्हाणीच्या मागं. तुझ्या आज्जीनं मडक्यात घालून, हळदकुंकू वाहून पुरली, वर दगड ठेवला. कुत्र्यामांजरांनी उकरू नये म्हणून." "त्या मातीत माझी नाळ पुरलीय" हे वाक्य मी शाळेतल्या भाषणांत कितीदा म्हटलं असेल. आणि दुसऱ्याची नाळ मी कचऱ्यात बांधून मोकळी झाले होते.

त्या चौकोनाचा मी नंतर माग काढत गेले. प्रसूती घरातून दवाखान्यात गेल्या तशी वार दवाखान्याच्या भट्टीत जायला लागली. मागितली तर हसायचे, नाहीतर जंतुसंसर्गाचं कारण सांगायचे. त्याच्याही आधी, १९०७ साली, तोहुंगांना म्हणजे माओरी वैद्य-जाणत्यांना बंदी घालणारा कायदा झाला होता. तो निघाला १९६२ साली. पंचावन्न वर्षं! एवढ्या काळात दोन पिढ्यांच्या हातातून विद्या निसटते. मग माओरी बायकांनी, माओरी नर्सनी आणि मिडवाइफनी भांडून-भांडून तो चौकोन फॉर्मवर आणला. माझ्यासाठी ते एक छापील पान होतं, त्या आजीसाठी परत मिळवलेला हक्क.

आपल्याला हे चटकन उमजत नाही, कारण आपला अनुभव वेगळा. इंग्रज आपल्याकडे आले, राज्य केलं, लुटलं आणि गेले. इथं ते गेलेच नाहीत. जमीन घेतली, घरं बांधली, बहुसंख्य झाले. १५ ऑगस्टसारखी तारीख माओरींच्या वाट्याला यायची शक्यताच राहिली नाही. २०२३च्या जनगणनेत स्वतःला माओरी म्हणवणारे ८ लाख ८७ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या १७.८ टक्के. मग ज्या संस्थांनी यांचं सगळं काढून घेतलं त्याच संस्थांत यांची मुलं शिकणार, बाया बाळंत होणार, तरुण पोरं तुरुंगात जाणार. तुरुंगात तर निम्म्याहून जास्त कैदी माओरी आहेत.

आणि काढून घेण्याचं काम बंदुकीइतकंच कार्यालयांनी केलं. युद्ध झालं, १८६३च्या कायद्यानं एकट्या वाइकातोत सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त झाली, हे खरंच. पण १८६५चं नेटिव्ह लँड कोर्ट बघा. जमीन अख्ख्या हापूची, म्हणजे भावकीची. कोर्टानं सांगितलं की मालकी जास्तीत जास्त दहा नावांवर चढेल. आपल्या भाषेत, सातबाऱ्यावर दहा नावं चढली आणि बाकीचा गाव एका दिवसात बेदखल झाला. त्या दहांना जमीन विकायचीही मुभा. कोर्टाच्या तारखेला महिनोन्महिने शहरात राहायचं, मोजणीचा खर्च भरायचा, दुकानदाराची उधारी चढवायची आणि ती फेडायला तीच जमीन विकायची. खेड्यातल्या कुणालाही हे समजावून सांगायला लागणार नाही. दोनच वर्षांनी शाळांचा कायदा आला, शिकवणं इंग्रजीत. पुढं माओरी बोलल्याबद्दल छड्या खाल्लेली मुलं आजी-आजोबा झाली आणि त्यांनी नातवंडांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं, मार नको म्हणून.

आमच्या पेशात हे उलटवायला सुरुवात केली इरिहापेती रॅम्सडेन या माओरी नर्सनं. १९८८ साली एका सभेत नर्सिंगच्या विद्यार्थिनीनं विचारलं होतं की तुम्ही कायद्यानं सुरक्षित, वैद्यकीय दृष्टीनं सुरक्षित असं सगळं शिकवता, मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? रॅम्सडेनबाईंनी त्यावर कावा फाकारुरुहाउ, म्हणजे सांस्कृतिक सुरक्षितता, हा विचार उभा केला आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नर्सिंग कौन्सिलनं तो अभ्यासक्रमात घेतला. पेपरांतून टीका झाली, चौकशा झाल्या, पण बाई मागं हटल्या नाहीत. विचाराचा गाभा असा: दिलेली सेवा सुरक्षित होती की नाही, हे नर्सनं ठरवायचं नाही, घेणाऱ्यानं ठरवायचं. मी त्या रात्री सगळं नियमानुसार केलं होतं, हात निर्जंतुक, नोंदी चोख. आणि तरी त्या आजीच्या मोजमापात मी नापास होते. मोजमाप तिचं, हे मान्य करायला मला काही वर्षं लागली.

म्हणून मला असं वाटतं की संस्था बदलली का हे पाहायचं असेल तर एवढंच बघावं: शेवटी ठरवतं कोण? पाटी, स्वागतगीत, भिंतीवरची नक्षी हे सगळं मला आवडतं. पण ठरवणारा तोच राहिला तर संस्था तीच राहिली.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः परदेशात सरकारी नोकरीत असलेल्यांनी.

दगडफूल

निशिगंधताई, वाचताना अंगावर काटा आला. आमच्या मावळात अजून वार पुरतात, पण दवाखान्यात बाळंतपण झालं की कुणी मागत नाही. मागता येते हेच माहीत नाही.

एक प्रश्न. आपण बॉम्बेचं मुंबई केलं, व्ही.टी.चं छत्रपती शिवाजी टर्मिनस केलं, २०२४ साली दंडसंहितेचं नावही बदललं. पण कलेक्टर कचेरीत गेलं की माणूस अजून हात जोडूनच उभा राहतो. तिकडे नावं बदलून काही फरक पडला का?

निशिगंध

दगडफूल, नावांचं मोल मी कमी मानणार नाही. १९७२ साली तीस हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज संसदेत गेला, शाळेत आमची भाषा शिकवा म्हणून. १९८२ला पहिलं कोहांगा रेओ निघालं. शब्दशः भाषेचं घरटं. आज्या बालवाडीत बसून पोरांशी फक्त माओरी बोलायच्या. सरकारची वाट न बघता त्यांनी ते सुरू केलं. १९८७ साली माओरी राजभाषा झाली. खात्यांच्या दारावर माओरी नाव आलं ते या सगळ्याच्या शेवटी. २०२३च्या अखेरीस नवं सरकार आलं आणि खात्यांचं इंग्रजी नाव पुन्हा आधी लिहायचं ठरलं. माझ्या माओरी सहकारी त्या दिवशी डबा न खाता बसल्या होत्या.

पण मला जास्त लागलं ते दुसरं. २०२२च्या १ जुलैला 'ते आका फाइ ओरा' सुरू झालं, माओरी आरोग्य प्राधिकरण. त्यांच्याकडे स्वतःचा निधी होता आणि कुठल्या गावात कुठली सेवा विकत घ्यायची हे तेच ठरवणार होते. २०२४च्या फेब्रुवारीत घाईघाईनं कायदा करून ते मोडीत काढलं, करारभंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणापुढची सुनावणी तोंडावर आलेली असताना. ३० जूनला कुलूप. पुरती दोन वर्षं. एवढ्यात दवाखान्याची इमारतसुद्धा उभी राहत नाही, तर लोकांचं आयुर्मान कसं वाढणार? नुसती पाटी असती तर कुणी हातही लावला नसता. पैसा आणि निर्णय हलला होता, म्हणून मोडलं.

कोकणकडा

मी ऑकलंडमध्ये चौदा वर्षं आहे. आदर राखून विरोधी बाजू मांडतो, राग मानू नये.

माझे वडील गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वर्षभराहून जास्त थांबले. रात्री कळ यायची तेव्हा ते उठून फेऱ्या मारायचे, आवाज होऊ नये म्हणून भिंत धरून. २०२३ साली बातमी आली की ऑकलंडमध्ये प्रतीक्षायादी लावताना वंशाचाही विचार होतो. मी कर भरतो, मी कुणाची जमीन घेतली नाही, माझ्या आजोबांनीही घेतली नाही. आमच्यावरही त्याच राणीचं राज्य होतं. मग माझ्या म्हाताऱ्या बापानं कुठल्या पापाची किंमत मोजायची? सगळ्यांना एक कायदा, एक रांग, हे मागणं चुकीचं आहे का?

निशिगंध

कोकणकडा, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. भिंत धरून चालणारी माणसं मी रोज बघते, त्यामुळे उडवाउडवीचं उत्तर देणार नाही.

त्या यादीत पाच गोष्टी धरल्या जायच्या: वैद्यकीय निकड, किती दिवस थांबलात, कुठं राहता, वंश आणि वस्तीची गरिबी. ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला मागं सारून कुणी पुढं जात नव्हतं. सारख्या निकडीच्या लोकांमधला क्रम ठरायचा.

आता "एक रांग" बघू. रांगेत नाव लागायला आधी फॅमिली डॉक्टर गाठावा लागतो, त्याची फी भरावी लागते, कामावरून सुट्टी काढावी लागते, तपासणीचं पत्र योग्य पत्त्यावर यावं लागतं. जो दर दोन वर्षांनी भाड्याचं घर बदलतो त्याचं पत्र जुन्याच पत्त्यावर जातं आणि तो "आला नाही" म्हणून यादीतून उडतो. आमच्या थिएटरच्या फळ्यावर येणारी रांग ही अर्धी गाळून आलेली असते. माओरी माणूस इथं इतरांपेक्षा सरासरी सुमारे सात वर्षं आधी जातो. ज्या वयात तुमच्या-माझ्या वडिलांचं गुडघ्याचं नाव लागतं, त्या वयापर्यंत त्यांच्यातले बरेच पोचतच नाहीत.

पण तुमच्या एका मुद्द्याशी मी सहमत आहे. आहे त्याच रांगेत गुण वाढवणं हा सगळ्यात कमजोर उपाय. त्यानं दोन दुखणाईतांना एकमेकांसमोर उभं केलं. रांग लावणारं कार्यालय होतं तिथंच राहिलं. गावात त्यांचाच दवाखाना, त्यांच्या हातात पैसा, गुडघा झिजायच्या आधी माणूस तपासला जाणं हे जास्त खोलवरचं होतं. तेच आधी बंद झालं.

लेखणी

इथं कायद्याच्या अंगानं थोडी भर घालतो, कारण "एक कायदा" म्हणताना मूळ करार काय होता हे सुटतं.

६ फेब्रुवारी १८४०, वाइतांगी. करार इंग्रजीत लिहिला गेला आणि मिशनरी हेन्री विल्यम्स व त्यांच्या मुलानं एका रात्रीत त्याचा माओरी अनुवाद केला. पाचशेवर सरदारांनी सह्या केल्या, बहुतेकांनी माओरी मजकुरावर. इंग्रजीत राणीला सार्वभौमत्व दिलंय. माओरीत शब्द आहे कावानातांगा. कावाना म्हणजे गव्हर्नर, त्याला प्रत्यय लावून शब्द घडवला. पाटील-पाटीलकी, तसं गव्हर्नर-गव्हर्नरकी! आणि दुसऱ्या कलमात सरदारांना त्यांच्या जमिनी, वस्त्या आणि ठेव्यावर तिनो रांगातिरातांगा कायम ठेवल्याचं वचन आहे, म्हणजे पूर्ण सरदारकी. आता कल्पना करा, कुणी तुमच्या गावात येऊन म्हणालं की माझ्या लोकांवर देखरेख ठेवायला एक गव्हर्नर नेमू का, तुमची वतनं तुमचीच राहतील. तुम्ही हो म्हणालात. नंतर कळलं की सही राज्य देऊन टाकल्याची होती.

१८७७ साली सरन्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी हा करार म्हणजे निव्वळ शून्य असल्याचं निकालपत्रात लिहिलं. १९७५ला ७९ वर्षांच्या व्हिना कूपर उत्तर टोकापासून वेलिंग्टनपर्यंत निघालेल्या मोर्चाच्या पुढं चालल्या. त्याच वर्षी वाइतांगी न्यायाधिकरणाचा कायदा झाला, पण फक्त पुढच्या तक्रारींसाठी. १८४०पासूनच्या तक्रारी ऐकायचा अधिकार मिळाला १९८५मध्ये. आणि २०१४ साली याच न्यायाधिकरणानं उत्तरेकडच्या दाव्यात म्हटलं की त्या फेब्रुवारीत सही करणाऱ्या सरदारांनी सार्वभौमत्व सोडलं नव्हतं.

निशिगंधताईंच्या "ठरवतं कोण" या कसोटीला एक उदाहरण आपल्याकडचंही जोडता येतं. २०१७च्या मार्चमध्ये फांगानुई नदीला कायद्यानं व्यक्तीचा दर्जा मिळाला. तिच्या वतीनं बोलायला दोन माणसं, एक सरकारनं नेमलेलं आणि एक नदीकाठच्या इवींनी, म्हणजे माओरी जमातींनी. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेला तोच दर्जा दिला. पालक म्हणून नेमले सरकारी अधिकारीच. जुलैत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. नदीला व्यक्ती म्हणायची कल्पना दोन्हीकडे आली, पण काठावरच्या माणसाची खुर्ची तिकडेच राहिली.

ओंजळ

मी बालकल्याणात समाजकार्यकर्ती आहे, इथल्या दक्षिण बेटावर. कोणत्या कार्यालयात ते लिहीत नाही.

१९८०च्या दशकात जॉन रांगिहाउ यांच्या समितीनं समाजकल्याण खात्यावर 'पुआओ-ते-आता-तू' हा अहवाल दिला. पहाट होणे असा त्याचा अर्थ. खात्यातच वर्णभेद मुरलाय असं त्यात उघड लिहिलं होतं, आणि ते लिहिण्याआधी समिती मरएवर, म्हणजे माओरींच्या सभास्थानी, जाऊन बसली, लोकांचं ऐकलं. त्यातून १९८९चा कायदा आला आणि कौटुंबिक बैठक नावाची पद्धत. मूल घरातून काढायचं की नाही हे साहेबानं एकट्यानं न ठरवता सगळ्या कुटुंबानं बसून ठरवायचं. जगभर वाहवा झाली.

मी अशा बैठका घेते, म्हणून आतलं सांगते. खोली आमच्या कार्यालयात. वेळ सकाळी दहाची, कारण साडेअकराला दुसरी बैठक. आजी तीन तासांवरून येणार, तिला पेट्रोलचे पैसे मिळायला फॉर्म. टेबलावर आधीच टाइप केलेला आराखडा. कुटुंब प्रार्थनेनं सुरुवात करतं, मग प्रत्येक जण आपण कोण, कुठल्या डोंगराचे, ते सांगतो. त्यात पाऊण तास जातो. आमच्यातलं कुणीतरी घड्याळ बघतं. ती नजर अख्ख्या खोलीला कळते. शेवटी सह्या आमच्या आराखड्यावर होतात. आकार त्यांचा घेतला, अधिकार आमच्याकडे ठेवला.

मी एकदा हट्टानं बैठक मरएवर नेली. बूट बाहेर, आधी स्वागत, मग चहा, मग बोलणं. संध्याकाळचे सहा वाजले. मला ज्याचं नावही माहीत नव्हतं असा एक चुलत मामा उठला आणि म्हणाला, पोर माझ्याकडे राहील, खोली रिकामी आहे. आमच्या फायलीत तो माणूसच नव्हता.

२०१९ला कायद्यात कलम ७एए आलं, करार पाळायची जबाबदारी खात्याच्या प्रमुखावर टाकणारं. २०२५ला ते काढलं. मधल्या काळात शाही आयोगाचा अहवाल आला: १९५० ते २०१९ दरम्यान सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या ताब्यात असलेल्या साडेसहा लाख लोकांपैकी दोन लाखांपर्यंत जणांवर अत्याचार झाले असावेत. नोव्हेंबर २०२४मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. मी ती कार्यालयात उभी राहून ऐकली. माफी मागणारं आणि कलम काढणारं सरकार एकच, हे मला अजून पचत नाही.

मोहफूल

मी गडचिरोलीचा. लेखणी यांनी नदीचं लिहिलं म्हणून सांगतो, आमच्याकडे मेंढा-लेखाची घोषणा आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ला गावाला सामूहिक हक्क मिळाला, पण त्यानंतरही स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना मिळवायला भांडावं लागलं. परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे होतं. २०११ला ते ग्रामसभेच्या हातात आलं. तुमच्या फॉर्मवरचा चौकोन वाचला तेव्हा मला ते पुस्तकच आठवलं.

निशिगंध

मोहफूल, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. दोन्हीकडचा इतिहास एकसारखा आहे असं मी म्हणणार नाही, पण परवान्याचं पुस्तक कुणाच्या टेबलावर, हा प्रश्न तोच.

ओंजळ, घड्याळाकडे बघणारी ती नजर माझीही आहे. थिएटरमध्ये भूल देण्याआधी फानाउला प्रार्थना म्हणायची असते. तीन मिनिटं लागतात. आता मी त्या तीन मिनिटांत हात बांधून उभी राहते आणि सर्जनलाही थांबायला सांगते.

वाटसरू

विषय निघालाच आहे तर 'ते पापा'बद्दल लिहितो. वेलिंग्टनचं राष्ट्रीय संग्रहालय, १९९८ला उघडलं. आई-बाबा आले तेव्हा नेलं होतं. तिथं मुख्य अधिकाऱ्याच्या जोडीला काइहाउतू म्हणजे माओरी नेतृत्वाचं पद आहे, दोघं मिळून कारभार बघतात. इमारतीतच मरए आहे. आणि सगळ्यात मोठं काम दिसतच नाही: तोई मोको, म्हणजे गोंदलेली जतन केलेली मस्तकं, एकोणिसाव्या शतकात युरोपीय लोकांनी बंदुकांच्या बदल्यात नेली आणि काचेच्या कपाटांत मांडली. २००३पासून संग्रहालय ती जगभरातून परत आणतंय. फ्रान्सनं तर त्यासाठी २०१०मध्ये वेगळा कायदा केला. परत आलेली मस्तकं ते प्रदर्शनात ठेवत नाहीत. पवित्र मानलेल्या बंद जागेत ठेवतात आणि कुठल्या इवीचे पूर्वज ते शोधतात. बाबांनी विचारलं, मग बघायला काय मिळणार? त्या वाटाड्या बाई म्हणाल्या, ते घरी आलेत, दाखवायला आणलेले नाहीत. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

कोकणकडा

सगळं वाचलं. मला अजूनही वाटतं की वंश बघून रांग लावू नये. पण करारातल्या शब्दांचं मला खरंच माहीत नव्हतं, नागरिकत्वाच्या समारंभातही कुणी सांगितलं नाही. २०२४च्या नोव्हेंबरात कराराबद्दलच्या विधेयकाविरुद्ध वेलिंग्टनला हिकोई (मोर्चा) निघाली, चाळीस हजारांवर माणसं, तेव्हा मी टीव्ही बंद केला होता. कराराची तत्त्वं नव्यानं लिहायचं ते विधेयक पुढं एप्रिलमध्ये ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं, एवढंच कळलं. निशिगंधताई, आपण इथं कोण मग? पाकेहा म्हणजे गोरे नाही, माओरी नाही. २०२३ला भारतीय वंशाचे २ लाख ९२ हजार झालोत, थोडेथोडके नाही.

निशिगंध

दादा, हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं फार बरं वाटलं.

मी माझं सांगते. इथं कार्यक्रमात ओळख करून देताना पेपेहा म्हणतात: अमुक माझा डोंगर, अमुक माझी नदी. मंडळाच्या गणपतीत आपली मुलं हौसेनं इथल्याच डोंगराचं नाव घेतात. मीही घ्यायचे. एकदा त्याच आजीच्या वयाच्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्या डोंगरासाठी आमची माणसं मेलीत गं, तुझा डोंगर सांग ना. तेव्हापासून मी अजिंक्यतारा सांगते, कृष्णा सांगते, आणि मग म्हणते की मी अमुक इवीच्या जमिनीवर राहते. आपल्याला इथं राहायचा हक्क व्हिसा देणाऱ्या सरकारनं दिला, आणि त्या सरकारला इथं कारभार करायचा हक्क त्या करारानं दिला. म्हणजे करारात आपलीही बाजू ठरलेली आहे, गव्हर्नरकीची. तांगता तिरीती म्हणतात अशा लोकांना, करारामुळे इथं असलेली माणसं. मला तो शब्द मनापासून पटतो. मी त्या बाजूची असेन तर वचन मोडलं जाताना बोलणं माझ्याकडे लागतं.

कोवळीक

ताई, मी वेलिंग्टनजवळ राहते, आठवा महिना चालू आहे. आपल्याला मागता येते का हो वार? आई म्हणते आण, सासूबाई म्हणतात कशाला. घर भाड्याचं आहे, पुरायची कुठं?

निशिगंध

मागता येते, बाळा. कुणीही मागू शकतं. मिडवाइफला आत्ताच सांग, कागदावर लिहून घे, आणि दवाखान्यात गेल्यावर ड्यूटीवरच्या नर्सला पुन्हा सांग. माझ्यासारखी एखादी नवी असेल. झाकण घट्ट बसणारा डबा स्वतःचा ने. लगेच पुरणार नसशील तर फ्रीझरमध्ये ठेव, पण ज्यात खायचं असतं त्या फ्रीझरमध्ये नको. अन्नाजवळ ती ठेवत नाहीत, इथले लोक ते फार पाळतात आणि आपल्या आज्ज्याही पाळायच्या.

भाड्याच्या अंगणात पुरू नकोस, घर सोडताना जीव तुटेल. मोठी कुंडी घे, तळाशी माती, मग वार, वर पुन्हा वीतभर माती, आणि झाड लाव. इथं बऱ्याच जणी तसंच करतात, स्वतःची जागा झाली की झाडासकट हलवतात. हळदकुंकू नसेल तर मला व्यक्तिगत निरोप कर, साताऱ्याहून आईनं पाठवलेलं आहे माझ्याकडे. वर दगड ठेवायला विसरू नकोस.